ध्येयपत्र लिहिण्याआधी फी-सवलतीची वही उघडा

वाचकाचं पत्र : आमची मुलींची कॅथॉलिक माध्यमिक शाळा कित्येक वर्षं सिस्टरांनी चालवली. आता त्यांच्या संघात थोड्याच सिस्टर उरल्या आहेत आणि मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर पहिल्यांदाच माझ्यासारखी संसारी बाई आली आहे. शाळेचं ध्येय आणि स्वरूप सांगणारं नवं पत्रक व्यवस्थापनाला तीन महिन्यांत हवं आहे. आमच्या अर्ध्याहून जास्त मुली कॅथॉलिक नाहीत. पालकांना निकाल हवा आहे. शिक्षिका म्हणतात, हा कागद भिंतीवर लागेल आणि विसरला जाईल. एका विश्वस्तांनी तर प्रार्थना 'सगळ्यांना चालेल अशी' करून टाका, असं सुचवलं. सुरुवात कुठून करू? कागदात काय असावं? आणि मुलींची वेगळी शाळा हवीच कशाला, या प्रश्नाला काय उत्तर देऊ? — एक मुख्याध्यापिका

बाई, सप्रेम नमस्कार.

तीन महिने पुरतात, पण पहिला महिना लिहिण्यात घालवू नका. बहुतेक शाळा इथेच चुकतात. समिती बसते, फळ्यावर 'सेवा', 'उत्कृष्टता', 'सर्वांगीण विकास' असे शब्द येतात, त्यांची वाक्यं होतात आणि तयार झालेला कागद कुठल्याही शाळेला लावता येतो. तुमच्या शिक्षिकांनी असे कागद पाहिले आहेत, म्हणूनच त्यांना नव्या कागदाबद्दल उमेद वाटत नाही. शाळेचं खरं ध्येय तिने घेतलेल्या निर्णयांतून दिसतं. आधी ते निर्णय वाचा. मग त्यातलं काय राखायचं आणि काय बदलायचं ते ठरवा.

पहिली उघडा फी-सवलतीची वही, गेल्या तीन वर्षांची. किती मुलींनी सवलत मागितली, किती जणींना मिळाली, नकार कोणी दिला आणि काय कारण लिहिलं? मग शाळा सोडल्याच्या दाखल्यांची नोंदवही. मधूनच गेलेल्या प्रत्येक मुलीपुढे खरं कारण लिहा, दाखल्यावरचं छापील कारण नको. त्यासाठी वर्गशिक्षिकांशी बोलावं लागेल. तिसरं, वेळापत्रक. प्रत्येक वर्गाची आठवड्याची मिनिटं मोजा : प्रार्थना, धर्मशिक्षण, मूल्यशिक्षण, प्रयोगशाळा, खेळ, सेवाकार्य. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात मूल्यशिक्षणाचा तास गणिताला जातो का, तेही विचारा. आणि शेवटी बक्षीस समारंभाची यादी. किती बक्षिसं गुणांची आणि किती दुसऱ्या कशाची, एवढंच पाहिलं तरी शाळा कोणत्या मुलीला आपली आदर्श विद्यार्थिनी मानते ते कळतं. या चार गोष्टींचा गोषवारा दोन पानांत बसवा. समितीची पहिली बैठक या दोन पानांवर घ्या, कोऱ्या फळ्यावर नको.

दुसरं काम संस्थापिकेकडे जाण्याचं. तुमची शाळा ज्या संघाची आहे, त्याच्या प्रांतप्रमुख सिस्टरांना पत्र लिहा आणि तीन गोष्टी मागा : संस्थापिकेची निवडक पत्रं, संघाच्या नियमावलीतला शिक्षणाचा भाग, आणि ही शाळा सुरू झाली त्या वर्षांच्या घरनोंदी. सिस्टरांच्या मठांत अशा नोंदी जपून ठेवायची पद्धत असते. मुलींच्या कॅथॉलिक शाळा एका साच्यातून निघालेल्या नाहीत. नॅनो नेगल यांनी अठराव्या शतकात आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात शाळा काढल्या, त्या वेळी कॅथॉलिकांना शाळा चालवायला कायद्याने बंदी होती. त्यांनी ते काम लपूनछपून केलं आणि १७७५ मध्ये त्यांचा संघ उभा राहिला. क्लोदिन थेवने यांनी फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत आपल्या दोन भावांना मृत्युदंड झालेला पाहिला होता. फ्रान्समधल्या लियाँ शहरात १८१८ साली त्यांनी संघ स्थापला आणि निराधार मुलींना अक्षरांबरोबर रेशमाचं कामही शिकवलं, म्हणजे त्यांना आपल्या हातावर पोट भरता यावं. मेरी वॉर्ड यांनी १६०९ च्या सुमारास, आज फ्रान्समध्ये असलेल्या सेंट-ओमेर इथे काम सुरू केलं. मठाच्या भिंतीत बंद न राहता, स्त्रीच्याच नेतृत्वाखाली मुलींना शिकवायचं, ही त्यांची अट होती. ती ख्रिस्तसभेला, म्हणजे कॅथॉलिक चर्चला, इतकी मानवली नाही की १६३१ मध्ये त्यांचा संघ बरखास्त झाला, आणि त्यांना संस्थापिका म्हणून अधिकृत मान्यता मिळायला १९०९ साल उजाडलं. ऑस्ट्रेलियात १८६६ साली गरीब मुलांसाठी शाळा सुरू करणाऱ्या मेरी मॅकिलॉप यांना १८७१ मध्ये बिशपांनी बहिष्कृत केलं, पुढच्या वर्षी तो बहिष्कार उठला, आणि २०१० मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आलं.

ही नावं शोभेसाठी दिलेली नाहीत. प्रत्येकीसमोर ठराविक मुली होत्या, त्यांची ठराविक अडचण होती आणि त्या अडचणीला या बाईने दिलेलं उत्तर होतं. तुमच्या संस्थापिकेबद्दल हेच तीन प्रश्न विचारा : तिने कोणत्या मुली पाहिल्या, त्यांच्या वाट्याला काय येत नव्हतं, आणि तिने नेमकं काय केलं? मग चौथा प्रश्न : आज तुमच्या शाळेच्या आसपास तशा मुली कोण आहेत, आणि त्यांतल्या किती शाळेच्या आत आहेत? सिस्टर वर्गात होत्या तोवर हे प्रश्न न लिहिताही चालत होते. त्यांचं राहणं, त्यांचं साधेपण, सुट्टीतही शाळेत असणं, यातून मुलींना ते कळत होतं. आता तसं राहणारं कोणी नाही, म्हणून ते लिहावं लागतं. तुमच्यावर आलेलं काम हे आहे, आणि ते लहान नाही.

समिती सात ते नऊ जणांची पुरे. एक सिस्टर, धर्म शिकवणारी एक शिक्षिका, विज्ञान किंवा गणिताची एक, कार्यालयातली किंवा शिपाई-मावशींपैकी एक, दोन पालक (त्यातला एक कॅथॉलिक नसलेला), एक माजी विद्यार्थिनी, वरच्या वर्गातल्या दोन मुली. विज्ञानाची शिक्षिका नसली, तर ध्येय हा धर्म विभागाचा विषय ठरतो आणि बाकीच्या जणी अंग काढून घेतात. मावशींना का घ्यायचं? कोणती मुलगी डबा न आणता येते आणि कोणती स्वच्छतागृहात रडते, हे त्यांना ठाऊक असतं. चार बैठका, प्रत्येकी दीड तास. चर्चा सगळ्यांनी करावी, पण मसुदा एकाच व्यक्तीने लिहावा. समितीने मिळून लिहिलेल्या वाक्यात प्रत्येकाचा एक शब्द घुसतो आणि वाक्य मरतं.

कागदाचा आकार असा ठेवा. ध्येय तीन वाक्यांत, साठ शब्दांच्या आत : आपण कोणासाठी आहोत, त्यांच्यासाठी काय करतो, कोणाच्या नावाने करतो. त्याखाली शाळेचं स्वरूप, साधारण सहाशे शब्द. त्यात श्रद्धा, अभ्यास, मुली म्हणून त्यांचं वाढणं, गरिबांशी नातं, शिस्त आणि सुरक्षितता यांवर एकेक परिच्छेद. प्रत्येक परिच्छेदात निदान एक वाक्य असं हवं, ज्याच्या आधारे शाळा एखाद्या गोष्टीला नकार देऊ शकेल. 'आम्ही प्रत्येक मुलीचा आदर करतो' या वाक्याने काहीच नाकारता येत नाही. 'कोणत्याही मुलीचे गुण, फी किंवा गणवेश यावरून तिला इतरांसमोर बोललं जाणार नाही' या वाक्याने उद्या सकाळी एका शिक्षिकेला थांबवता येतं. मसुदा झाला की दोन चाचण्या घ्या. शाळेचं नाव झाकून वाचा. ओळखू येत नसेल तर पुन्हा लिहा. मग तेरा वर्षांच्या मुलीला मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, यातलं तुला शाळेत काय दिसतं? ती जिथे अडखळेल तिथे खूण करा.

आता तुमच्या विश्वस्तांचं सुचवणं. त्यांचा हेतू चांगला आहे, पण उपाय चुकीचा आहे. 'सगळ्यांना चालेल अशी' प्रार्थना केली की ती कोणाचीच राहत नाही. कॅथॉलिक मुलीला आपल्या शाळेत आपला देव सापडत नाही, आणि इतर मुलींना दुसऱ्याची खरी श्रद्धा जवळून पाहायची संधी मिळत नाही. उलट टोकही तितकंच वाईट : सगळ्यांना रांगेने चॅपेलमध्ये बसवायचं आणि कोण हात जोडतं ते पाहायचं. ख्रिस्तसभेची स्वतःची भूमिका इथे अगदी स्पष्ट आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतला, म्हणजे कॅथॉलिक चर्चच्या कायद्याच्या पुस्तकातला, ७४८ वा नियम सांगतो की कोणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध कॅथॉलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडता येत नाही. कॅथॉलिक शाळेतल्या शिक्षणाच्या धार्मिक बाजूवर व्हॅटिकनने १९८८ मध्ये जो दस्तऐवज काढला, त्यातही कॅथॉलिक नसलेल्या विद्यार्थ्यांचं धर्मस्वातंत्र्य जपण्याबद्दल सांगितलं आहे. धर्माची माहिती देणं आणि श्रद्धेत वाढवणं ही दोन वेगळी कामं आहेत, असंही तो दस्तऐवज मांडतो.

या फरकावर तुमची सगळी व्यवस्था उभी करा. तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. धर्म हा विषय सगळ्यांसाठी : बायबल, ख्रिस्तसभेचा इतिहास, इतर धर्मांची ओळख, नीतीचे प्रश्न. याची परीक्षा घ्या, पण गुण माहितीला आणि विचाराला द्या, श्रद्धेला कधीच देऊ नका. साक्रामेंतांची (पहिलं कम्युनियन वगैरे चर्चच्या संस्कारांची) तयारी फक्त कॅथॉलिक मुलींसाठी, त्यांच्या धर्मग्रामाशी, म्हणजे स्थानिक चर्चशी, बोलून, आणि इतर मुलींच्या अभ्यासाच्या किंवा खेळाच्या तासाला धक्का न लावता. तिसरी सामायिक प्रार्थना. ती उघडपणे ख्रिस्ती असू द्या, आणि सहभाग कसा घ्यायचा ते प्रत्येक मुलीवर सोडा : म्हणायची, ऐकायची, किंवा आपल्या पद्धतीने मनात प्रार्थना करायची.

सकाळची प्रार्थना आठ मिनिटांची असावी. एक मिनिट शांतता, शुभवर्तमानातल्या (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातल्या) पाच-सहा ओळी, त्यावर एखाद्या मुलीने तयार केलेली दोन-तीन वाक्यं, त्या दिवसाची एक विनंती, शेवटी प्रार्थना. सूचना, गणवेशाची तपासणी आणि उशिरा येणाऱ्यांची नावं यांना त्या आठ मिनिटांत जागा नाही. प्रार्थनेची सभा आणि रागावण्याची सभा एकच झाली की मुलींच्या मनात देव आणि ओरडा कायमचे जोडले जातात. कित्येक शाळांत हे रोज घडतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मिस्सेच्या, म्हणजे कॅथॉलिकांच्या मुख्य सामूहिक उपासनेच्या, दिवशी कॅथॉलिक नसलेल्या मुली आदराने बसू-उठू शकतात, गाऊ शकतात. पवित्र कम्युनियन (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) मात्र त्या घेत नाहीत, आणि हे वर्गात आधीच नीट समजावून सांगा, रांगेत कोणाला अडवायची वेळ येऊ नये. ज्या मुलीला थांबायचंच नसेल तिच्यासाठी ग्रंथालयात शिक्षिकेसह जागा ठेवा. व्हरांड्यात उभं करणं ही शिक्षा झाली. उपस्थितीचे गुण नकोत, आणि मिस्सेला न आलेल्यांची यादीही नको.

हे सगळं पालकांना प्रवेशाआधी, फी भरण्याआधी लेखी द्या. एक पान पुरे : इथे कोणती प्रार्थना होते, कोणते सण साजरे होतात, कशाला सूट आहे, कशाला नाही. शिवाय तुमच्या देशाचा कायदा शाळांतल्या धर्मशिक्षणाबद्दल आणि पालकांच्या संमतीबद्दल काय म्हणतो ते वकिलाकडून तपासून त्याच पानावर घाला. नंतर येणाऱ्या बहुतेक तक्रारी 'आम्हाला आधी सांगितलं नव्हतं' या एका वाक्यावर उभ्या असतात.

मुलींची वेगळी शाळा हवीच कशाला? निकालाच्या आधारावर उत्तर देऊ नका. मुलींच्या शाळांचे निकाल चांगले दिसतात, पण घरची परिस्थिती आणि प्रवेशाची चाळणी हिशेबात धरली की तो फरक बराच आटतो. तुम्ही वचन देऊ शकता ते वेगळ्या गोष्टीचं : या इमारतीत प्रत्येक काम मुलीचं आहे. प्रयोगशाळेतला यंत्रजोड, रंगमंचावरची प्रकाशयोजना, मैदानावरचं कर्णधारपद, विद्यार्थी मंडळाचा हिशेब, सभेत विरोधी बाजू मांडणं. पण हे आपोआप होत नाही. मुलींचीच शाळा असून प्रोजेक्टर लावायला बाहेरून पुरुष बोलावला जातो, वरच्या गणिताची तुकडी 'मागणी नाही' म्हणून निघत नाही, आणि भौतिकशास्त्राचे प्रयोग शिक्षिका करून दाखवते, मुली वहीत उतरवतात. तुमच्या गोषवाऱ्यात प्रयोगशाळेची मिनिटं आहेतच. त्यात मुलींच्या स्वतःच्या हातांनी झालेलं काम किती, ते वेगळं काढा.

दुसरा मुद्दा लाजेचा. मुलींच्या शाळांची शिस्त सहज त्यांच्या शरीरावर येऊन बसते : स्कर्टची लांबी, केस, चालणं, हसणं. गणवेशाचा नियम असावा, तो स्वस्त आणि साधा असावा, कारण त्याने श्रीमंत-गरीब फरक झाकला जातो. पण तो मोजपट्टी घेऊन सगळ्यांसमोर तपासू नका. चूक असेल तर एकटीला बाजूला घ्या. प्रत्येक मजल्यावर सॅनिटरी पॅड मोफत ठेवा, झाकणाची कचरापेटी ठेवा, आणि तासाच्या मध्ये बाहेर जायला कारण विचारू नये असा नियम करा. मुलीच्या प्रतिष्ठेबद्दल तुम्ही काय मानता, हे तिला यातून पहिल्याच वर्षी समजतं.

आणि येशूच्या आईबद्दल, मरियेबद्दल. अनेक शाळांत पवित्र मरिया म्हणजे नम्र, आज्ञाधारक, खाली मान घातलेली मुलगी, एवढंच शिकवलं जातं. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात ४६ ते ५५ या ओव्यांत तिचं स्तोत्र आहे. देवाने बलवानांना सिंहासनांवरून खाली ओढलं आणि भुकेल्यांना तृप्त केलं, असं ती त्यात गाते. ते वर्षातून एकदा सणाला नुसतं म्हणून घेऊ नका, वर्गात उलगडून शिकवा. ज्या मुलीला सगळ्यांसमोर बोलायची भीती वाटते, तिला हे स्तोत्र स्वतःच्या आवाजात वाचू द्या.

गरिबांविषयीचा परिच्छेद लिहिताना सगळ्यात जास्त विरोध होईल, कारण इथे पैसा लागतो. तुमच्या हातात भक्कम आधार आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथॉलिक बिशपांच्या सभेने, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावर जो जाहीरनामा काढला, त्याच्या नवव्या परिच्छेदात कॅथॉलिक शाळांनी विशेष काळजी कोणाची घ्यावी ते सांगितलं आहे : जे गरीब आहेत, ज्यांना कुटुंबाचा आधार आणि माया नाही, आणि ज्यांना श्रद्धेचं दान मिळालेलं नाही. तिसरा गट लक्षात घ्या. तुमच्या कॅथॉलिक नसलेल्या मुली शाळेच्या ध्येयात पहिल्यापासून आहेत, नाइलाजाने घेतलेल्या नाहीत. पुढे १९७७ मध्ये 'कॅथॉलिक शाळा' या दस्तऐवजात व्हॅटिकनने इशाराही दिला, की या शाळांचं लक्ष मुख्यतः श्रीमंत वर्गांकडे वळलं, तर त्या वर्गांचं विशेष स्थान टिकवायला त्या हातभार लावतील. विश्वस्तांच्या बैठकीत हे दोन संदर्भ मूळ शब्दांत वाचून दाखवा.

मग आकडा लिहून घ्या. 'गरजू मुलींना शक्य ती मदत' हे वाक्य नको. शंभरातल्या किती जागा पूर्ण किंवा अर्ध्या सवलतीच्या, हे ठरवा, त्याचा निधी अंदाजपत्रकात वेगळ्या शीर्षाखाली ठेवा, आणि सवलतीत फक्त मासिक फी न धरता गणवेश, वह्या-पुस्तकं, परीक्षा शुल्क आणि सहल हेही धरा. सवलतीची मुलगी बहुतेक वेळा सहलीच्या पैशांवर उघडी पडते : त्या दिवशी ती 'आजारी' पडते, आणि पुढच्या वर्षीपासून मैत्रिणींच्या गप्पांतूनही बाहेर राहते. सवलत कोणाला आहे हे मुख्याध्यापिका आणि हिशेबनीस या दोघींशिवाय कोणालाच कळू नये. दात्यांना आभाराची पत्रं मुलींकडून लिहून घेण्याची प्रथा असेल तर ती बंद करा.

सेवाकार्यातही तीच काळजी. वर्षाला इतके तास भरा आणि वहीवर शिक्का घ्या, या पद्धतीत मुली तास मोजायला शिकतात. वर्षभर एकच ठिकाण ठेवा, पंधरवड्यातून एकदा जा. काय हवं आहे ते त्या संस्थेला विचारा, तिथल्या माणसांचे फोटो काढू नका, आणि परत आल्यावर वीस मिनिटं बसून बोला : आज कोण भेटलं, त्यांची ही स्थिती का झाली, ती कोणी बदलू शकतं का? ही वीस मिनिटं वगळली जातात, आणि सगळं शिक्षण त्यांतच असतं. वेळ कमी असेल तर भेटी कमी करा, बोलणं कमी करू नका.

काही प्रसंगांवर आधीच निर्णय करून ठेवा, कारण ते येतात तेव्हा विचार करायला वेळ नसतो. विद्यार्थिनी गर्भवती राहिली तर? जी ख्रिस्तसभा प्रत्येक जीव पवित्र मानते, तिच्या शाळेने त्या मुलीला गुपचूप दाखला देऊन काढणं हा उघड विसंगतपणा आहे. तिचं शिक्षण कसं चालू राहील, परीक्षा कुठे होईल, परतल्यावर तिला कोण सांभाळून घेईल, हे लिहून ठेवा. ती अल्पवयीन असल्याने कायद्याने कोणाला कळवणं बंधनकारक आहे, तेही त्याच कागदावर असू द्या. छळ किंवा लैंगिक अत्याचाराची तक्रार आली तर? ख्रिस्तसभेच्या संस्थांत झालेलं नुकसान जगजाहीर आहे, आणि 'संस्थेचं नाव' वाचवण्याच्या हट्टाने ते वाढलं. म्हणून स्वरूपाच्या कागदातच लिहा : तक्रार शाळेबाहेरच्या यंत्रणेकडे त्याच दिवशी जाईल, समुपदेशनाच्या खोलीच्या दाराला काच असेल, पापनिवेदन (धर्मगुरूंपुढचं कन्फेशन) सगळ्यांच्या नजरेत असलेल्या जागी होईल, आणि कोणताही मोठा माणूस मुलीशी खाजगी फोनवरून बोलणार नाही. हे परिशिष्टात ढकलू नका. मुलगी सुरक्षित नसेल तर बाकीची पानं वाचायचं कारणच उरत नाही.

निकाल मागणाऱ्या पालकांशी वाद घालू नका, त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. धर्मसंहितेचा ८०६ वा नियम सांगतो की कॅथॉलिक शाळेतलं शिक्षण त्या भागातल्या इतर शाळांच्या निदान बरोबरीचं असलं पाहिजे. ढिला अभ्यास संस्कारांच्या आड लपवता येत नाही. त्यांना एवढंच सांगा की चाळीस टक्क्यांच्या मुलीला साठपर्यंत नेणं हाही आमचा निकाल आहे, आणि तो आम्ही वर्षाच्या अहवालात छापू. मग खरोखर छापा. निकाल उजळावा म्हणून कमजोर मुलींना शेवटच्या वर्षाआधी काढायची वाट कोणी सुचवली, तर स्वरूपाच्या कागदातलं वाक्य तिथे आडवं आलं पाहिजे.

शिक्षिकांसाठी नेमणुकीच्या वेळी हा कागद हातात देऊन एक प्रश्न विचारा : यातलं कोणतं वाक्य तुमच्या विषयात कसं उतरेल? कॅथॉलिक नसलेल्या शिक्षिकेकडून श्रद्धेची अपेक्षा ठेवता येत नाही, शाळेच्या ध्येयाला साथ देण्याची ठेवता येते, आणि ती अपेक्षा नेमणूकपत्रात लिहा. नव्यांसाठी दोन दिवसांची ओळख, जुन्यांसाठी वर्षातून एक दिवस. धर्म शिकवणाऱ्यांच्या नेमणुकीला बिशपांची मान्यता लागते. तो ८०५ वा नियम.

अधिकारांचं एक काम राहिलं, आणि संसारी मुख्याध्यापिका म्हणून ते तुमच्या फार कामाचं आहे. संघ आणि व्यवस्थापन यांच्यात लेखी करार आहे का ते पाहा. मुख्याध्यापिकेची नेमणूक, ध्येयात बदल, मालमत्तेची विक्री, शाळा बंद करणं, हे निर्णय संघाने स्वतःकडे ठेवलेत की व्यवस्थापनाला दिलेत, हे करारात स्पष्ट हवं. नसेल तर पत्रकाबरोबर तोही मार्गी लावा, नाहीतर पहिल्या मतभेदात तुम्ही दोघांच्या मध्ये अडकाल. ८०३ व्या नियमानुसार 'कॅथॉलिक शाळा' हे नाव अधिकारी धर्मसत्तेच्या संमतीशिवाय लावता येत नाही. जुन्या शाळांत ही संमती गृहीत असते, कागद सापडत नाही. तोही मागून घ्या.

वेळेचा हिशेब असा ठेवा : चार आठवडे चार नोंदवह्या आणि संस्थापिकेची कागदपत्रं, तीन आठवडे चार बैठका, दोन आठवडे मसुदा आणि दोन चाचण्या, एक आठवडा सगळ्या शिक्षिकांचं आणि मावशींचं वाचन, उरलेले दोन संघाच्या आणि बिशपांच्या कार्यालयासाठी. पुढच्या वर्षीच्या प्रवेश अर्जासोबत पत्रक द्यायचं असेल तर छपाईची तारीख या बारा आठवड्यांनंतर आणखी दहा दिवस पुढे धरा. या कार्यालयांकडून लेखी उत्तर यायला वेळ लागतो, आणि ते हातात आल्याशिवाय छपाईला हात घालू नका.